लास वेगासमध्ये विझलेले पडदे : 'टीव्ही-बी-गॉन'चं प्रकरण

जानेवारी २००८ मध्ये लास वेगासला सीईएस हे ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन भरलं होतं. टीव्ही कंपन्यांनी भिंतीच्या भिंती पडद्यांनी मढवल्या होत्या. गिझमोडो या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाची माणसं तिथे बातमीदारीसाठी गेली होती आणि त्यांच्या खिशात टीव्ही-बी-गॉन नावाची यंत्रं होती. बटण एकच. दाबलं की समोरचा पडदा काळा. एखाददुसरा टीव्ही बंद पडला असता तर कोणी मान वळवूनही पाहिलं नसतं. पण त्यांनी पडद्यांच्या अख्ख्या रांगा विझवल्या, मोटोरोलाच्या एका सादरीकरणात बोलणाऱ्याचं बोलणं चालू असताना पडदा घालवला, आणि वर या सगळ्याचं चित्रीकरण स्वतःच प्रसिद्ध केलं. आयोजकांनी गिझमोडोच्या एका माणसाला प्रदर्शनाचे दरवाजे बंद केले.

हा चावटपणा होता की पत्रकारिता, यावर तेव्हा वाद झाला. इथे रस आहे तो खिशातल्या यंत्रात. वीसेक सुटे भाग आणि दोन पेन्सिल सेल एवढ्या भांडवलावर ते चाललं कसं, तसं यंत्र टेबलावर बांधताना कुठे कुठे फसतं, आणि 'टीव्ही बंद नको करायला, नुसता रिमोट चालू द्यायचा नाही' ही वरकरणी सोपी वाटणारी दुसरी युक्ती प्रत्यक्षात जास्त किचकट का आहे, हे पाहू.

आधी यंत्र कुणाचं, ते

टीव्ही-बी-गॉन हे सॅन फ्रान्सिस्कोच्या मिच ऑल्टमन यांचं. मित्रांबरोबर हॉटेलात जेवायला बसलेलं असताना सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या टीव्हीकडे जात होते, त्यातून कल्पना सुचली असं ते सांगत आले आहेत. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये किल्लीच्या जुडग्याला अडकवायच्या आकारात ते विक्रीला आलं. पुढे ॲडाफ्रूट या न्यूयॉर्कच्या कंपनीबरोबर त्यांनी घरी सोल्डरिंगचे टाके मारून जोडायचा संच काढला आणि त्याचा आराखडा व प्रोग्राम दोन्ही खुले ठेवले. आज या विषयावर जे काही बांधलं जातं, अगदी फ्लिपर झीरो या खिशात मावणाऱ्या उपकरणातल्या 'युनिव्हर्सल रिमोट'पर्यंत, त्यातली मूळ चाल हीच आहे: ठाऊक असलेल्या सगळ्या टीव्हींचे 'पॉवर' कोड एकामागून एक सोडत राहायचे.

रिमोटमध्ये बाहेरून ढवळाढवळ होणं त्याहून खूप जुनं आहे. झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली यांचा १९५५ चा फ्लॅशमॅटिक साध्या प्रकाशझोतावर चालायचा. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशसंवेदक होते आणि खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपल्याच मनाने वागायचा. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांनी अल्ट्रासॉनिक आवाजावरचा रिमोट आणला, तर त्याला धातूची खणखण चुकवू लागली. इन्फ्रारेड रिमोटने हे दोन्ही दोष टाळले. त्यासाठी केलेली सोय जॅमर, म्हणजे रिमोट अडवणारं यंत्र, बांधणाऱ्याच्या मुळावर येते, ते पुढे येईलच.

रिमोट नेमकं काय बोलतो

सर्वांत जास्त आढळणारी पद्धत म्हणजे एनईसी या जपानी कंपनीची. रिमोटचा एलईडी ९४० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सेकंदाला ३८ हजार वेळा चालू-बंद करतो. ही झाली वाहक लहर. तिचे तुकडे पाडून संदेश बनतो: आधी ९ मिलिसेकंद प्रकाश, मग ४.५ मिलिसेकंद शांतता, आणि त्यानंतर ३२ बिट. प्रत्येक बिट ५६२ मायक्रोसेकंदांच्या ठिणगीने, म्हणजे प्रकाशाच्या छोट्या तुकड्याने, सुरू होतो. पुढची शांतता तेवढीच असेल तर शून्य, तिप्पट असेल तर एक. यंत्राचा पत्ता, त्याच पत्त्याचं उलटं रूप, मग हुकूम आणि हुकुमाचं उलटं रूप. उलटं रूप सोबत असल्यामुळे शून्य आणि एक नेहमी सोळा-सोळाच भरतात आणि प्रत्येक संदेश बरोबर ६७.५ मिलिसेकंदांत संपतो. शेवटी एक ठिणगी, पूर्णविरामासारखी.

फिलिप्सची आरसी-५ पद्धत ३६ किलोहर्ट्झवर चालते, १४ बिटांची. त्यात टीव्हीचा पत्ता ० आणि 'स्टँडबाय'चा हुकूम १२. सोनीची ४० किलोहर्ट्झवर, आणि सोनीचा टीव्ही एकदा सांगून ऐकत नाही. तोच संदेश ४५ मिलिसेकंदांच्या अंतराने तीनदा यावा लागतो.

या सगळ्यांत काय नाही, ते पाहा. पाठवणारा कोण, हे विचारायची सोय नाही. टीव्ही उलट उत्तर देत नाही, परवलीचा शब्द मागत नाही, घरातला रिमोट आणि रस्त्यावरचा रिमोट यांत फरक करत नाही. पत्ता आहे, पण तो मॉडेलचा. तुमच्या घरातल्या विशिष्ट टीव्हीचा नव्हे. प्रदर्शनात एका कंपनीचे वीस पडदे शेजारी शेजारी असतील तर ते वीसही एकाच पत्त्याला 'ओ' देतात. भिंत विझवायला वीस वेळा बटण दाबावं लागलं नाही याचं कारण हेच. प्रदर्शनाचा मांडव अशा यंत्राला घरापेक्षा सोपा: पडदे एका ब्रँडचे, सेन्सर सगळे एकाच दिशेला तोंड करून, आणि मध्ये ना कापडी पडदा ना सोफा.

आठ किलोबाइटांचा हिशेब

खुल्या आराखड्यातली चिप म्हणजे एटीटायनी८५. तिची प्रोग्राम-स्मृती ८१९२ बाइट. वेळा जशाच्या तशा साठवायच्या म्हटलं तर एका एनईसी कोडला ३४ जोड्या लागतात (सुरुवातीची १, बिटांच्या ३२, शेवटची १). जोडी म्हणजे प्रकाशाचा काळ आणि शांततेचा काळ, प्रत्येकी २ बाइट. झाले १३६ बाइट. या दराने साठ कोडांतच स्मृती काठोकाठ भरते आणि प्रोग्रामला जागाच उरत नाही.

म्हणून एक सोपी काटकसर केली आहे. त्या ३४ जोड्यांत वेगळ्या जोड्या फक्त चारच असतात: सुरुवात, शून्य, एक, शेवट. त्यांचा १६ बाइटांचा तक्ता एकदाच लिहायचा आणि कोडमध्ये फक्त तक्त्यातला क्रमांक ठेवायचा. चार क्रमांकांना दोन बिट पुरतात. ३४ गुणिले २ म्हणजे ६८ बिट, अर्थात ९ बाइट. तोच तक्ता त्याच पद्धतीच्या इतर ब्रँडनाही चालतो. १३६ चे ९ झाले, तिथेच शंभरावर ब्रँड एका नखाएवढ्या चिपमध्ये मावायचा मार्ग मोकळा झाला. वेळा १० मायक्रोसेकंदांच्या एककात लिहिलेल्या आहेत, त्यामुळे ९ मिलिसेकंद म्हणजे तक्त्यात ९००.

कोणता कोड आधी, यावर यंत्राची खरी लायकी ठरते. एका कोडला साधारण ७० मिलिसेकंद आणि दोन कोडांमध्ये सुमारे पाव सेकंद मोकळा. म्हणजे दीडशे कोडांची यादी संपायला पाऊण मिनिट. जास्त खपणाऱ्या ब्रँडचे कोड वर ठेवले तर टीव्ही पहिल्या काही सेकंदांत जातो, खाली ठेवले तर हात आखडेपर्यंत यंत्र रोखून उभं राहावं लागतं. आपल्याकडे बांधणाऱ्याने परदेशी यादी जशीच्या तशी घेऊ नये. घरात, दुकानात जे टीव्ही दिसतात त्यांचे कोड मूळ रिमोट समोर धरून वाचावेत आणि वर आणून बसवावेत. आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर आयआर-रिमोट लायब्ररी (रिमोटचे कोड वाचणारा तयार प्रोग्राम) घातली आणि तीन पायांचा सेन्सर लावला की हे काम दहा मिनिटांचं.

बांधणी

लागणारं सामान असं: एटीटायनी८५ एक, तिचा आठ पायांचा सॉकेट, ८ मेगाहर्ट्झचा तीन पायांचा सिरॅमिक रेझोनेटर (चिपला घड्याळाचे ठोके देणारा भाग), एओ३४०० हा मॉस्फेट (विजेच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारा स्विच) छोट्या अडॅप्टर पट्टीवर, ९४० नॅनोमीटरचे चार एलईडी (दोन टीएसएएल६१००, दोन टीएसएएल६४००), १० ओहमचे पाव वॉटचे चार रेझिस्टर, १०० ओहम एक, १० किलोओहम दोन, १ किलोओहम एक, ४७० मायक्रोफॅरड १० व्होल्ट कपॅसिटर, १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक, एक पुश बटण, एक लाल ३ मिलिमीटर एलईडी, दोन पेन्सिल सेलचा होल्डर. चिपमध्ये प्रोग्राम भरायला यूएसबीएएसपी हा प्रोग्रामर, किंवा आर्डुइनो उनोलाच प्रोग्रामर बनवायचं.

एलईडी दोन जातीचे घ्यायचं कारण कोन. ६१०० चा झोत मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना १० अंश, तो लांब जातो. ६४०० चा २५ अंश, तो नेम चुकला तरी सांभाळून घेतो.

जोडणी झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसत्या भोकांच्या बोर्डावर. चिपचा ४ नंबरचा पाय ऋण, ८ नंबरचा धन, आणि त्या दोघांत १०० नॅनोफॅरड जितका जवळ बसेल तितका जवळ. रेझोनेटरचे बाहेरचे पाय २ आणि ३ वर, मधला ऋणाला. ५ नंबरच्या पायातून १०० ओहममार्गे मॉस्फेटच्या गेटला, म्हणजे त्याला उघडणाऱ्या पायाला. गेट ते ऋण १० किलोओहम. हा दहा किलोओहम गाळायचा मोह होतो, गाळू नका. चिप रिसेटमध्ये असताना पाय तरंगता राहतो, मॉस्फेट अर्धवट उघडतो आणि चारही एलईडी सतत जळत राहतात. दुसरा १० किलोओहम १ नंबरच्या रिसेट पायाला धनाकडे ओढतो, आणि बटण त्याच पायाला ऋणाशी जोडतं. बटण म्हणजे रिसेट: दाबून सोडलं की यादी पहिल्यापासून सुरू, यादी संपली की चिप झोपते. झोपेत इतकी कमी वीज जाते की वेगळा स्विच लागत नाही. लाल एलईडी १ किलोओहममधून ६ नंबरच्या पायावर. प्रत्येक कोडला एकदा लुकलुकला की आत काम चालू आहे हे कळतं.

प्रत्येक इन्फ्रारेड एलईडीला स्वतःचा १० ओहम हवा. ३ व्होल्टमधून एलईडीचे साधारण १.४ आणि वायरिंग, सेल यांचे ०.२ वजा केले तर १.४ व्होल्ट उरतात, म्हणजे १४० मिलिअँपिअर. सतत १०० मिलिअँपिअरच्या मर्यादेपेक्षा हे जास्त आहे, पण निम्मा वेळच वाहतं म्हणून चालतं. चौघांना मिळून एकच रेझिस्टर लावला तर ज्याचा व्होल्टेज जरासा कमी तोच सगळा प्रवाह ओढून घेतो.

वाहक लहर चिपच्या टायमरमधून काढायची. ८ मेगाहर्ट्झ घड्याळावर तुलनेचा आकडा १०४ ठेवला (शून्यापासून मोजून १०५ ठोके, चालू आणि बंद मिळून २१०) की ८० लाख भागिले २१०, म्हणजे ३८,०९५ हर्ट्झ. ३६ साठी ११०, ४० साठी ९९. आकडे इतके जवळ असताना घड्याळ चोख हवं. चिपच्या आतलं घड्याळ कारखान्यातून १० टक्क्यांच्या चुकीसह येऊ शकतं, आणि टीव्हीतला सेन्सर ५ टक्क्यांपलीकडे कान झाकू लागतो. दहा टक्के चुकलेलं यंत्र टेबलावर दोन फुटांवरून चालतं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून चालत नाही. रेझोनेटरचे पैसे वाचवणाऱ्यांची तक्रार नेमकी हीच असते, आणि दोष ते एलईडीला देतात.

काय बिघडतं

सर्वांत फसवा बिघाड असा: सगळं जोडलं, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं, एलईडी जांभळट लुकलुकताना दिसतात. टीव्ही ढिम्म. एटीटायनी८५ कारखान्यातून येते तेव्हा घड्याळाला आठने भागायचा फ्यूज, म्हणजे चिपमध्ये साठवलेली सेटिंग, चालू असतो (लो फ्यूज ६२). मग ३८ किलोहर्ट्झच्या जागी पावणेपाच किलोहर्ट्झ निघतात आणि ९ मिलिसेकंदांचे ७२ होतात. कॅमेऱ्याला यातलं काही समजत नाही. त्याला प्रकाश दिसला की झालं. लाल एलईडी मात्र चुगली करतो, कारण तोही आठपट सावकाश लुकलुकतो. फ्यूज ई२ केला की आतलं घड्याळ पुरं ८ मेगाहर्ट्झ देतं. एवढ्यावर आधी चाचणी घ्यावी आणि मगच रेझोनेटरचा फ्यूज बसवावा. रेझोनेटरचा फ्यूज बसल्यावर चिप रेझोनेटरशिवाय प्रोग्रामरलाही ओळख देत नाही. 'चिप उडाली' म्हणून फेकलेल्या कितीतरी चिपा जिवंत असतात.

कॅमेऱ्याचीही एक गंमत. बऱ्याच फोनांच्या मागच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड गाळणारी काच असते, त्यातून काहीच दिसत नाही. पुढचा, सेल्फीचा कॅमेरा वापरावा. आणि आधी घरातला चालू रिमोट धरून त्या कॅमेऱ्याला तरी दिसतंय का, ते पाहावं.

मॉस्फेट. घरात आयआरएफझेड४४ पडलेला असतो, तोच लावला जातो. त्याला नीट उघडायला गेटवर १० व्होल्ट लागतात. ३ व्होल्टांवर तो जेमतेम डोळे किलकिले करतो. एओ३४०० अडीच व्होल्टांवरही पूर्ण उघडतो, म्हणून तो.

सेल. रिचार्जेबल घातले तर दोन मिळून २.४ व्होल्ट, आणि साध्या एटीटायनी८५ ला २.७ तरी हवेत. जुने अल्कलाइन सेल मल्टिमीटरवर ३ व्होल्ट दाखवतात, पण चारही एलईडी पेटले की ठिणगीच्या शिखरावर अर्ध्या अँपिअरहून जास्त मागणी येते आणि व्होल्टेज कोसळतो. चिप रिसेट होते, यादी पुन्हा पहिल्या कोडपासून. बाहेरून दिसतं ते असं की लाल एलईडी दोन-तीनदा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा दोन-तीनदा लुकलुकतो. ४७० मायक्रोफॅरड एलईडींच्या जवळ बसवला असेल तर ताजे सेल हे सहज पेलतात. कपॅसिटर बोर्डाच्या दुसऱ्या कडेला असेल तर असून नसल्यासारखा.

एलईडी कुठले मिळाले, हेही पाहावं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत नुसतं 'आयआर एलईडी' मागितलं तर ८५० नॅनोमीटरचा, सीसीटीव्हीच्या दिव्यात वापरतात तो, हातात पडू शकतो. अंधारात तो मंद लाल दिसतो. ९४० चा अजिबात दिसत नाही. लाइन-फॉलोअर रोबोच्या संचातून काढलेल्या जोडीतला काळसर तर एलईडीच नसतो, तो प्रकाश घेणारा भाग. विद्यार्थ्यांच्या बोर्डावर तो मोठ्या दिमाखात बसलेला असतो.

टीव्ही बंद होऊन काही सेकंदांत पुन्हा चालू झाला, तर यादीत तोच कोड दोनदा आला आहे. 'पॉवर'चा हुकूम बहुतेक टीव्हींत उलटसुलट चालतो, चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. यादी जोडताना दोन ठिकाणांहून कोड उचलले की हे घडतंच. आणि फक्त सोनी दाद देत नसेल, तर तीनदा पाठवायचं राहिलं आहे.

पल्ल्याबद्दल एक हिशेब डोक्यात असू द्यावा. अंतर दुप्पट झालं की सेन्सरवर पडणारा प्रकाश चौथाई होतो. चारपट एलईडी लावले तर पल्ला दुप्पट होतो, चारपट नाही. सोळा एलईडी लावून बॅटरीचा डबा पाठीला बांधणाऱ्यांना हे कोणीतरी आधी सांगायला हवं.

अडवणारं यंत्र: ५५५ आणि त्याची फजिती

आता दुसरी युक्ती. कोड शोधा, साठवा, पाठवा ही कटकट नकोच. ३८ किलोहर्ट्झचा सतत झोत टीव्हीवर मारत राहायचा, मालकाचा रिमोट त्यात बुडून जाईल. सामान: ५५५ टायमर (ठरावीक वेगाने चालू-बंद होत राहणारी चिप), १ किलोओहम, १५ किलोओहम व त्यामागे ५ किलोओहमचा प्रीसेट (फिरवून बदलायचा रेझिस्टर), १ नॅनोफॅरडचा पॉलिएस्टर कपॅसिटर. १.४४ भागिले [(आर१ अधिक दोन आर२) गुणिले सी], या सूत्राने (आर१ म्हणजे १ किलोओहम, आर२ म्हणजे १५ किलोओहम अधिक प्रीसेट, सी म्हणजे कपॅसिटर) प्रीसेट फिरवून ३५ ते ४६ किलोहर्ट्झ मिळतात. ५ व्होल्टवर ५५५ ३.३ व्होल्टांच्या आसपासच देतो, म्हणून ४७० ओहममधून बीसी३३७ या ट्रान्झिस्टरच्या बेसला. कलेक्टरवर दोन एलईडी एकामागे एक आणि २२ ओहम, म्हणजे ९५ मिलिअँपिअर. चार एलईडी हवे असतील तर अशा दोन ओळी.

मांडणी निर्दोष आहे, आणि तरी रिमोट चालतो. सेन्सरच्या पोटातलं काय आहे ते पाहिल्याशिवाय हे उमगत नाही. टीएसओपी१७३८ सारख्या सेन्सरमध्ये आपोआप संवेदनशीलता कमी-जास्त करणारं मंडल असतं. ते बसवलं गेलं ट्यूबलाइटच्या इलेक्ट्रॉनिक चोकसाठी आणि सीएफएलसाठी, कारण हे दिवेही दहा-वीस-चाळीस किलोहर्ट्झने लुकलुकतात. नियम साधा: न थांबता येतं ते दिव्याचं, तुकड्यातुकड्यांत येतं ते रिमोटचं. डेटाशीटमध्ये, म्हणजे सेन्सरच्या माहितीपत्रकात, तो आकड्यांत दिला आहे. ठिणगी किमान १० आवर्तनांची हवी. १० ते ७० आवर्तनांच्या ठिणगीनंतर किमान १४ आवर्तनांची शांतता हवी. अशा ठिणग्या सेकंदाला १४०० पर्यंत चालतील. ५५५ चा अखंड झोत पहिल्या क्षणी सेन्सरला दिसतो, मग सेन्सर त्याला 'दिवा' ठरवून कान बंद करत जातो.

मात्र कान बंद केल्याचा परिणाम रिमोटवरही होतो, आणि म्हणून अशा जॅमरचा अनुभव असा विचित्र असतो: लांबून रिमोट चालत नाही, जवळ गेलं की चालतो. हिशेब करून पाहा. चार एलईडींचा जॅमर टीव्हीपासून ४ मीटरवर, आणि तेवढ्याच प्रवाहाचा एका एलईडीचा रिमोट २ मीटरवर. जॅमरचा प्रकाश ४ भागिले १६, रिमोटचा १ भागिले ४. दोन्ही पाव. बरोबरी. मालक वैतागून सोफ्यावरून उठला, एक मीटरवर आला, की रिमोट चौपट जोरदार झाला आणि जॅमर हरला.

खरा अडथळा करायचा तर जॅमरने रिमोटसारखं बोलायला हवं. ६०० मायक्रोसेकंद प्रकाश, ६०० शांतता. ६०० मायक्रोसेकंद म्हणजे ३८ किलोहर्ट्झची तेवीसेक आवर्तनं. दहाहून जास्त, सत्तरहून कमी. शांतताही तेवीस, चौदाहून जास्त. सेकंदाला ८३३ ठिणग्या, चौदाशेच्या आत. सेन्सरला यात हरकत घेण्यासारखं काही सापडत नाही. तो हे सगळं टीव्हीच्या प्रोसेसरकडे पाठवत राहतो. आता रिमोटवर मात करायची गरजच उरली नाही, नुसतं ऐकू गेलं तरी पुरे. एनईसीच्या ४.५ मिलिसेकंदांच्या शांततेत जॅमरच्या तीन-चार ठिणग्या पडतात आणि संदेश पहिल्याच पायरीवर बाद होतो. वरच्याच एटीटायनी८५ बोर्डावर वेगळा प्रोग्राम भरला की हे होतं. ५५५ वर करायचं तर पहिल्या ५५५ च्या चौथ्या, रिसेटच्या पायाला दुसऱ्या ५५५ ने ८३३ हर्ट्झने उघडझाप करावी लागते.

हे डोळ्यांनी पाहायला सेन्सर टेबलावर घ्यावा: ५ व्होल्ट, १०० ओहम आणि ४.७ मायक्रोफॅरडची गाळणी, आणि धनाकडून १ किलोओहम व एलईडी लावून आउटपुटच्या पायाला. अखंड झोतावर एलईडी क्षणभर पेटून विझतो. तुकड्यांच्या झोतावर अर्ध्या तेजाने जळत राहतो. पायांचा क्रम तपासून घ्या. टीएसओपी१७३८ समोरून ऋण, धन, आउटपुट असा आहे. १८३८ नावाने मिळणाऱ्या सेन्सरचा आउटपुट, ऋण, धन. एकाच्या जागी दुसरा खुपसला की सेन्सर तापतो आणि जातो.

सीएफएलखाली रिमोट आळशी का होतो आणि जुन्या प्लाझ्मा टीव्हीसमोर ठेवलेला सेट-टॉप बॉक्स रिमोटला दाद का देत नाही, याची उत्तरंही इथेच आहेत. प्लाझ्मा पडद्यातला झेनॉन वायू ८२३ आणि ८२८ नॅनोमीटरच्या आसपास स्वतःच इन्फ्रारेड ओकतो. पुढच्या काचेवरची गाळणी त्यातला बराचसा अडवते, सगळा नाही.

आयोजकांच्या बाजूने

रेडिओ जॅमरविषयीचे नियम अशा यंत्राला लागू पडत नाहीत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या व्याख्येत रेडिओ लहरी ३००० गिगाहर्ट्झच्या खाली संपतात आणि ९४० नॅनोमीटरचा प्रकाश तीन लाख गिगाहर्ट्झच्याही वर आहे. म्हणून कुणाचा कार्यक्रम उधळायची मुभा मिळते असं नाही. बँकेत किंवा दवाखान्यात टोकनचा आकडा टीव्हीवरच येतो, तो विझवला की बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा नंबर हुकतो. बांधून पाहायचं असेल तर आपल्या घरातल्या टीव्हीवर पाहावं.

प्रदर्शनात पडदे मांडणाऱ्याला मात्र हे टाळणं अगदी सोपं होतं. दुकानं, हॉटेलं यांच्यासाठी बनवलेल्या पडद्यांच्या मेन्यूत रिमोट बंद ठेवायची सोय असते. मग पडदा मागच्या सिरिअल केबलवरून चालवायचा. घरगुती मॉडेल मांडलं असेल तर सेन्सर झाकायचा. इथे काळी इन्सुलेशन टेप भरवशाची नाही. टीव्हीची सेन्सरवरची खिडकीही डोळ्यांना काळीच दिसते आणि इन्फ्रारेड तिच्यातून आरपार जातो. काळं प्लॅस्टिक म्हणजे अपारदर्शक, असं इन्फ्रारेडच्या बाबतीत धरून चालता येत नाही. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा नखाएवढा तुकडा घ्यावा, तो खिडकीवर दाबून वर टेप लावावी, कडा चारही बाजूंनी बंद कराव्यात. मग मूळ रिमोट वीतभर अंतरावरून दाबून पाहावा. तरीही पडदा विझला, तर टेपच्या कडेतून उजेड शिरतोय किंवा सेन्सरची जागा चुकली आहे: टॉर्च तिरका धरून चौकटीच्या खालच्या कडेवरून हळू फिरवला की काळ्या काचेमागचा घुमटासारखा छोटा फुगवटा सापडतो.